पॅरिश कौन्सिलची निवडणूक: इंग्लंडच्या खेड्यात उमेदवारी अर्ज भरायचा असेल तर

गोव्याच्या माणसाला ‘पॅरिश’ म्हटलं की चर्च आठवतं. इंग्लंडमध्येही हा शब्द चर्चकडूनच आला, पण १८९४ च्या लोकल गव्हर्नमेंट अ‍ॅक्टने गावचा कारभार चर्चपासून वेगळा काढला. तेव्हापासून पॅरिश कौन्सिल ही गावाने निवडून दिलेली संस्था आहे. चर्चचा कारभार पाहणारी पॅरोकियल चर्च कौन्सिल निराळी. दोन्हींच्या बैठका गावात बऱ्याचदा एकाच हॉलमध्ये होतात, त्यामुळे नवा माणूस हमखास गोंधळतो.

आपली ग्रामपंचायत डोळ्यांसमोर ठेवलीत तर फारसं चुकणार नाही. फरक मात्र लक्षात ठेवायला हवेत. इथे राखीव जागा नाहीत. सरपंच थेट निवडला जात नाही. सदस्य दरवर्षी आपल्यातून एकाला अध्यक्ष करतात. मानधन बहुतेक गावांत मिळत नाही. ग्रामसेवकाच्या जागी क्लार्क असतो, आणि त्याला सरकार नेमत नाही, कौन्सिलच पगार देऊन नेमते. कौन्सिलवर किमान ५ सदस्य असतात, मुदत ४ वर्षांची असते आणि मतदान मे महिन्याच्या पहिल्या गुरुवारी होतं.

या मार्गदर्शिकेत उदाहरण म्हणून विल्टशर घेतलं आहे. नैर्ऋत्य इंग्लंडमधली ही शेतीची काउंटी. इथे २००९ पासून वर विल्टशर कौन्सिल आणि खाली गावोगावच्या पॅरिश कौन्सिली अशा दोनच पायऱ्या आहेत. १ मे २०२५ ला दोन्हींची निवडणूक एकाच दिवशी झाली. त्या हिशेबाने पुढची मे २०२९ मध्ये. डेव्हनसारख्या काउंटीत मधे डिस्ट्रिक्ट कौन्सिलही असते आणि वर्षही वेगळं असतं. तिथे २०२३ मध्ये निवडणूक झाली. सध्या अनेक काउंट्यांमध्ये कौन्सिलींची फेररचना चालू असल्याने तुमच्या गावचं वर्ष क्लार्कला विचारून पक्कं करा. निवडणूक घेण्याचं काम पॅरिशकडे नसतं. ते डिस्ट्रिक्टच्या किंवा विल्टशरसारख्या एकसंध कौन्सिलच्या निवडणूक निर्णय अधिकाऱ्याचं, म्हणजे रिटर्निंग ऑफिसरचं. नियम तिथेच विचारायचे. क्लार्क मदत करतो, पण त्याचा शब्द अंतिम नाही.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. खेड्यात या निवडणुकीत विरोधक क्वचितच असतो. जागा ७ आणि अर्ज ५, असं चित्र सर्रास दिसतं. माणसं पडतात ती अर्जात आणि तारखेत. म्हणून इथे प्रचाराला थोडी आणि कागदपत्रांना जास्त जागा दिली आहे.

मत देणं वेगळं, उभं राहणं वेगळं

इंग्लंडमध्ये कायदेशीर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला स्थानिक निवडणुकीत मत देता येतं. भारत राष्ट्रकुलात आहे, म्हणून हा हक्क मिळतो. त्यासाठी ब्रिटिश पासपोर्ट लागत नाही. स्टुडंट व्हिसा, स्किल्ड वर्कर व्हिसा किंवा जोडीदाराच्या नावावरचा व्हिसा असला तरी चालतो. वय १८ पूर्ण हवं आणि मतदार यादीत नाव हवं. कितीतरी मराठी घरांत वर्षानुवर्षं हे ठाऊकच नसतं आणि नोंदणीचं पत्र रद्दीत जातं. नोंदणी ऑनलाइन आणि फुकट होते. नॅशनल इन्शुरन्स नंबर जवळ ठेवा.

उभं राहण्याचा नियम कडक आहे. राष्ट्रकुलातल्या नागरिकाकडे इनडेफिनिट लीव्ह टू रिमेन (आयएलआर), म्हणजे मुदतीची अट नसलेली राहण्याची परवानगी हवी, किंवा त्याला राहण्यासाठी परवानगीच लागत नसावी. स्किल्ड वर्कर व्हिसावरचा माणूस मत देऊ शकतो, उमेदवार होऊ शकत नाही. इथे चूक होते आणि ती महागात पडते, कारण निवडणूक अधिकारी तुमची पात्रता तपासत नाही. तो अर्ज रीतसर भरला आहे का एवढंच पाहतो. पात्र आहोत असं संमतीपत्रावर तुम्ही सही करून सांगता. ते जाणूनबुजून खोटं असेल तर तो गुन्हा आहे आणि निवड रद्द होते ती वेगळीच.

त्यापुढे गावाशी नातं दाखवावं लागतं. चारपैकी एक अट पुरी झाली की पुरे: त्या पॅरिशच्या मतदार यादीत नाव असणं, गेले पूर्ण १२ महिने गावात जमीन किंवा जागा मालक वा भाडेकरू म्हणून ताब्यात असणं, १२ महिने कामाचं मुख्य ठिकाण गावात असणं, किंवा १२ महिने गावात अथवा त्याच्या हद्दीपासून ३ मैलांच्या आत, म्हणजे सुमारे ४.८ किलोमीटरच्या आत, राहत असणं. गावच्या दवाखान्यातला डॉक्टर, केअर होममधली नर्स, पोस्ट ऑफिस चालवणारं कुटुंब, हे सगळे शेजारच्या शहरात राहूनही त्या गावात उभे राहू शकतात.

जेवढ्या अटी लागू पडतील तेवढ्या सगळ्या भरा. बहुतेक जण पहिल्याच अटीवर खूण करून मोकळे होतात. मतदार यादीची अट मात्र पूर्ण मुदतभर पाळावी लागते. तिच्या एकटीच्या आधारावर निवडून आलात आणि दोन वर्षांनी घर बदललं, तर यादीतून नाव जाईल आणि सदस्यत्वही जाईल. बाकीच्या तीन अटी अर्जाच्या आणि निवडणुकीच्या दिवशी पुऱ्या झाल्या की पुरतं.

अपात्रतेची यादी छोटी आहे. त्याच पॅरिश कौन्सिलची पगारी नोकरी, दिवाळखोरीशी निगडित न्यायालयीन निर्बंध, मागच्या ५ वर्षांत ३ महिने किंवा अधिक कैदेची शिक्षा, मग ती स्थगित असली तरी, निवडणूक गुन्ह्यातली बंदी, आणि २०२२ च्या कायद्यानुसार लैंगिक गुन्हेगारांच्या नोंदणीत असणं. गावच्या हॉलची साफसफाई कौन्सिलच्या पगारावर करणाऱ्या बाईंना उभं राहायचं असेल तर आधी ते काम सोडावं लागेल.

तारखा मतदानाच्या दिवसापासून उलट्या मोजा

सगळ्या मुदती मतदानाच्या आधीच्या कामाच्या दिवसांत मोजतात. शनिवार, रविवार, बँक हॉलिडे, गुड फ्रायडे आणि ईस्टर मंडे धरत नाहीत. ईस्टर दर वर्षी सरकतो, त्यामुळे गेल्या खेपेची तारीख या खेपेला कधीच चालत नाही. २०२५ चा हिशेब बघा. मतदान १ मे. १८ आणि २१ एप्रिल ईस्टरमध्ये गेले.

निवडणुकीची नोटीस २५ व्या कामाच्या दिवसापर्यंत लागावी लागते. ती तारीख होती २५ मार्च. अर्जाची मुदत १९ व्या दिवशी दुपारी ४ वाजता, म्हणजे २ एप्रिल. अर्ज मागे घेण्याची मुदतही तीच, त्याच मिनिटाला. दुसऱ्या दिवशी, ३ एप्रिलला, उमेदवारांची यादी प्रसिद्ध झाली. मतदार नोंदणीची शेवटची तारीख ११ एप्रिल, टपाली मतदानाच्या अर्जाची १४ एप्रिल संध्याकाळी ५, आणि प्रतिनिधीमार्फत मत देण्याच्या अर्जाची २३ एप्रिल संध्याकाळी ५.

आपल्याकडे अर्ज मागे घेण्यासाठी छाननीनंतर वेगळे दिवस मिळतात आणि त्या दिवसांत बरीच समजूत घातली जाते. इथे तो अवकाश नाही. समोर कोण उभं आहे हे कळेपर्यंत माघारीची वेळ संपलेली असते. गावातल्या दोघा मित्रांना एकमेकांविरुद्ध उभं राहायचं नसेल तर त्यांनी अर्जाआधीच बोलून घ्यावं.

नोटीस लागल्यापासून अर्जाच्या मुदतीपर्यंत जेमतेम आठवडाभर मिळतो. त्या आठवड्यात सूचक शोधायला निघालात तर उशीर झालाच म्हणून समजा. अर्जाचे नमुने निवडणूक कार्यालयाच्या संकेतस्थळावर आधीच येतात. फेब्रुवारीत उतरवून घ्या, मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात माणसं ठरवा.

अर्जाचा संच

पॅरिशसाठी तीन कागद लागतात: उमेदवारी अर्ज, घरच्या पत्त्याचा अर्ज आणि संमतीपत्र. पक्षाकडून उभे राहणार असाल तर पक्षाचं अधिकृत प्रमाणपत्र आणि चिन्हाची विनंती त्यात मिळवा. खेड्यात पक्षाशिवायच बहुतेक जण उभे राहतात. अनामत रक्कम नाही.

उमेदवारी अर्जावर तुमचं पूर्ण नाव, आणि खाली सूचक व अनुमोदक अशा दोघांच्या सह्या. हे दोघे त्याच पॅरिशचे मतदार हवेत. पॅरिशचे वॉर्ड पाडलेले असतील तर त्याच वॉर्डाचे. निवडणुकीची नोटीस लावण्याच्या शेवटच्या दिवशी जी यादी चालू असते त्या यादीत त्यांचं नाव हवं. २०२५ मध्ये तो दिवस २५ मार्चचा होता. म्हणजे मार्चअखेर गावात राहायला आलेला, एप्रिलच्या यादीत नाव लागलेला शेजारी मत देऊ शकत होता, पण अनुमोदक होऊ शकत नव्हता.

दोघांचे मतदार क्रमांक लिहायचे असतात. अर्ज सर्वात जास्त वेळा इथेच अडकतो. क्रमांकाच्या आधी मतदान विभागाची अक्षरं असतात, ती गाळली जातात. किंवा मागच्या वर्षीच्या पत्रावरचा क्रमांक लिहिला जातो. यादी दर डिसेंबरला नव्याने निघते आणि क्रमांक बदलतात. निवडणूक कार्यालयाला फोन करा, चालू क्रमांक ते सांगतात.

तुमचे तपशील पूर्ण भरून झाल्यावरच सूचक-अनुमोदकाची सही घ्या. कोऱ्या अर्जावर सह्या घेऊन नंतर नाव भरणं नियमाविरुद्ध आहे, मग घाई कितीही असो. एका मतदाराला जितक्या जागा तितक्याच अर्जांवर सही करता येते. ७ जागा असतील तर ७. आठव्या अर्जावरची त्याची सही धरली जात नाही. गावात सर्वांचा विश्वास असलेल्या एखाद्या आजींकडे सगळेच उमेदवार सहीला जातात. आधी किती सह्या केल्या ते त्यांना विचारून घ्या.

नावाकडे नीट लक्ष द्या. मराठी नावात वडिलांचं नाव मधे असतं. पूर्ण नाव लिहायचंच, पण लोक तुम्हाला ज्या नावाने ओळखतात ते ‘नेहमी वापरलं जाणारं नाव’ या रकान्यात भरता येतं आणि मतपत्रिकेवर तेच छापलं जातं. अनिरुद्धला गावात सगळे ‘अ‍ॅनी’ म्हणत असतील तर तो रकाना रिकामा सोडू नका. रिकामा सोडला तर पूर्ण नाव छापलं जाईल आणि ओळखीची माणसंही मतपत्रिकेवर शोधत राहतील. नावं आडनावाच्या इंग्रजी वर्णक्रमाने येतात, म्हणजे आपटे वर आणि झेंडे तळाशी.

पॅरिशच्या निवडणुकीत एक सवलत आहे जी वरच्या कौन्सिलला नाही. पक्ष नसलेल्या उमेदवाराला नावापुढे ६ शब्दांपर्यंत स्वतःचं वर्णन देता येतं. ‘गावच्या शाळेतले निवृत्त शिक्षक’ अशा अर्थाचं इंग्रजी वर्णन चालतं. कुठल्या नोंदणीकृत पक्षाशी गल्लत होईल असं काही नको. हे शब्द वाया घालवू नका. ज्याने तुमचं पत्रक वाचलेलं नाही त्याला मतदान खोलीत तुमच्याबद्दल एवढंच वाचायला मिळतं.

पत्त्याच्या अर्जावर घराचा पत्ता, पात्रतेला लागणारे सगळे पत्ते आणि साक्षीदाराचं नाव-पत्ता येतो. घराचा पत्ता मतपत्रिकेवर नको असेल तर तशी खूण करायची. मग फक्त विभागाचं नाव छापलं जातं. संमतीपत्रावर जन्मतारीख, पात्रतेच्या खुणा, तुमची सही आणि साक्षीदाराची सही असते. ही सही अर्जाच्या मुदतीआधीच्या एका महिन्याच्या आतच केलेली हवी. जानेवारीत उत्साहाने भरून ठेवलेलं संमतीपत्र बाद होतं.

तिन्ही कागद मूळ प्रतीत, प्रत्यक्ष नेऊन द्यायचे. टपाल, ईमेल, फोनवरून काढलेला फोटो, काहीच चालत नाही. स्वतः जाता येत नसेल तर विश्वासातल्या माणसाकरवी पाठवता येतात. जायचं ठिकाण नोटिशीत लिहिलेलं असतं. काउंटीच्या एका टोकाचं गाव आणि दुसऱ्या टोकाचं कार्यालय असेल तर येण्याजाण्यात अर्धा दिवस जातो. म्हणून शेवटचा दिवस टाळा आणि जमल्यास आधी वेळ ठरवून कागद अनौपचारिकरीत्या तपासून घ्या. बहुतेक कार्यालयं ही तपासणी आनंदाने करतात. सूचकाचा क्रमांक चुकला आहे हे तीन दिवस आधी कळलं तर नवा अर्ज भरता येतो. शेवटच्या दुपारी साडेतीनला कळलं तर गाडीत बसून काही उपयोग नाही.

जागा जास्त आणि माणसं कमी असली तर

अर्ज जागांइतके किंवा कमी आले तर मतदान होत नाही, सगळे बिनविरोध. उरलेल्या जागा निवडून आलेले सदस्य भरतात. या पद्धतीला इथे को-ऑप्शन म्हणतात. आपल्या नगरपालिकांतल्या स्वीकृत सदस्यासारखं काहीसं. त्यासाठी गणपूर्तीइतके सदस्य तरी निवडून आलेले हवेत, म्हणजे एकूण जागांच्या एक तृतीयांश, आणि कमीत कमी ३. निवडणुकीनंतर ३५ कामाच्या दिवसांत हे करायचं असतं.

‘मग कशाला अर्ज भरायचा, नंतर स्वीकृत होऊ’ असा विचार गावात बरेच करतात. तो गावाच्या तोट्याचा आहे. २०११ च्या लोकलिझम अ‍ॅक्टने पॅरिशला एक व्यापक अधिकार दिला, जनरल पॉवर ऑफ कॉम्पिटन्स. कायद्याने बंदी नसलेलं जवळपास काहीही गावासाठी करण्याची मुभा त्यातून मिळते. बंद पडलेलं दुकान गावाने चालवायला घेण्यापर्यंत. अट अशी की दोन तृतीयांश सदस्य निवडून आलेले हवेत आणि क्लार्कने ठरलेली परीक्षा पास केलेली हवी. बिनविरोध निवडून आलेला सदस्य यात मोजला जातो. स्वीकृत सदस्य मोजला जात नाही. ९ जागांच्या कौन्सिलमध्ये ५ जणांनीच अर्ज भरला आणि ४ नंतर घेतले, तर ६ चा आकडा गाठला जात नाही आणि तो अधिकार हातचा जातो. तीन कागद आणि दोन सह्या यांच्या आळसापोटी गावाने एवढं गमावू नये.

मुदतीच्या मधे जागा रिकामी झाली तर कौन्सिल फलकावर नोटीस लावते. १४ कामाच्या दिवसांत १० मतदारांनी लेखी मागणी केली तर पोटनिवडणूक, नाहीतर स्वीकृत सदस्य. पोटनिवडणुकीचा खर्च पॅरिशवर टाकला जाऊ शकतो आणि छोट्या गावाच्या अंदाजपत्रकात तो आकडा दुखतो. तरीही दोन इच्छुक असतील तर मागणी करण्यात काही गैर नाही, तो मतदारांचा हक्क आहे. पुढच्या निवडणुकीपर्यंत वाट पाहायची नसेल तर बस थांब्याजवळचा तो फलक वाचत जा.

प्रचार: गावात काय चालतं, काय अंगाशी येतं

पॅरिशच्या हातात काय आहे हे आधी नीट समजून घ्या. अ‍ॅलॉटमेंट म्हणजे भाजीपाल्याचे भाड्याचे तुकडे, दफनभूमी, खेळाचं मैदान, बस थांबे, काही दिवे, पायवाटांची देखभाल. बांधकाम परवानग्यांवर पॅरिश कौन्सिल फक्त आपलं मत कळवते, निर्णय वरची कौन्सिल घेते. रस्त्यावरचे खड्डे आणि वेगमर्यादा पॅरिशच्या हातात नाहीत. त्यासाठी वर पाठपुरावा करता येतो. ‘खड्डे बुजवीन’ असं पत्रकात लिहिलंत तर जुना सदस्य पहिल्याच सभेत ते वाचून दाखवेल. पैसा येतो तो प्रिसेप्टमधून, म्हणजे घरपट्टीसारख्या कौन्सिल टॅक्सच्या बिलात पॅरिशच्या नावाने जोडलेली रक्कम. त्या आकड्यावर मतदार विचारणारच. मागच्या दोन वर्षांचा आकडा आणि तो कशावर गेला हे क्लार्ककडून घेऊन वाचा, मगच दार ठोठवा.

अर्ज भरण्याआधी कौन्सिलच्या दोन सभांना मागे बसून या. सभा जनतेला खुल्या असतात आणि सूचना किमान तीन पूर्ण दिवस आधी लागते.

४०० घरांच्या गावात ए-फाइव्ह आकाराचं एक पत्रक पुरतं. एका बाजूला तुम्ही कोण आणि गावात कुठे राहता, दुसऱ्या बाजूला तीन कामं. स्थानिक निवडणुकीत टपाल फुकट नाही, म्हणून स्वतः वाटा. एप्रिलच्या उत्तरार्धात रात्री आठपर्यंत उजेड असतो. साडेपाच ते साडेसात ही वेळ चांगली. शेतावरच्या घरांची टपालपेटी बऱ्याचदा फाटकाशीच असते, आत जायची गरज नसते आणि कुत्र्यांपासूनही सुटका होते. उघडलेलं फाटक लावून घ्या. आत मेंढ्या असतात, आणि एक फाटक उघडं राहिल्याची बातमी पत्रकापेक्षा लवकर गावभर होते.

प्रत्येक पत्रकावर छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव व पत्ता हवा. ही ओळ नसेल तर तो गुन्हा आहे. नोव्हेंबर २०२३ पासून समाजमाध्यमांवरच्या प्रचारसाहित्यालाही प्रकाशकाची ओळ लागते. घरच्या प्रिंटरवर छापलंत तर दोन्ही जागी तुमचंच नाव येईल.

चहापाण्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. आपल्याकडे दारात आलेल्याला चहा द्यायचा आणि प्रचारात माणसांना खाऊ घालायचं, यात कुणाला वावगं वाटत नाही. इथे मत मिळावं म्हणून खाणंपिणं देणं हा ‘ट्रीटिंग’ नावाचा भ्रष्ट आचार आहे. दारात तुम्हाला कुणी चहा दिला तर प्या. निवडणुकीच्या महिन्यात गावासाठी समोसा पार्टी ठरवू नका, ती गुढीपाडव्याची असली तरी, पुढे ढकला. तसंच दुसऱ्या उमेदवाराच्या चारित्र्याबद्दल खोटी विधानं करणं हाही गुन्हा आहे, आणि गावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर लिहिलेलं त्यातून सुटत नाही.

२०२४ पासून प्रचार करणाऱ्याने दुसऱ्याची टपाली मतपत्रिका हाताळायची नाही, जवळच्या नातेवाइकांसारखे मोजके अपवाद वगळता. ‘आजी, द्या, मी टाकते पेटीत’ हे मदतीच्या भावनेने केलं तरी बेकायदेशीर आहे.

खर्चाचा हिशेब

पॅरिशच्या उमेदवाराला निवडणूक प्रतिनिधी नसतो. हिशेब स्वतःच द्यायचा. मे २०२५ ला मर्यादा होती ९६० पौंड आणि शिवाय दर मतदारामागे ८ पेन्स. ८०० मतदारांच्या गावात ती १,०२४ पौंड होते. खेड्यात एवढा खर्च कुणाचा होत नाही, पण हिशेब चुकतो तो दुसरीकडे. दोघा उमेदवारांनी मिळून एक पत्रक काढलं किंवा एक प्रचार कार्यालय वापरलं की ते संयुक्त उमेदवार ठरतात आणि प्रत्येकाची मर्यादा एक चतुर्थांशाने कमी होते. तिघे किंवा अधिक असतील तर एक तृतीयांशाने. आधी छापून ठेवलेली पत्रकं निवडणूक काळात वाटली तर ती त्याच काळाच्या खर्चात येतात. स्वयंसेवकांचा वेळ मोजत नाहीत.

हिशेबाचं पत्रक आणि प्रतिज्ञापत्र निवडणुकीनंतर २८ दिवसांत द्यायचं. एक पेनीही खर्च केली नसेल तरी शून्याचं पत्रक द्यावं लागतं. पराभूत उमेदवारालाही. निकालानंतर मन उडालेलं असतं आणि नेमकं हेच राहून जातं, म्हणून कोरा नमुना अर्जाच्या दिवशीच घरी आणून ठेवा.

मतदानाचा दिवस

मतदान सकाळी ७ ते रात्री १०. छायाचित्र असलेलं ओळखपत्र मे २०२३ पासून बंधनकारक आहे. भारतीय पासपोर्ट चालतो, कारण राष्ट्रकुलातल्या कुठल्याही देशाचा चालतो; मुदत संपलेला असला तरी फोटोत ओळख पटली पाहिजे. भारतीय ड्रायव्हिंग लायसन्स, आधार आणि भारतीय मतदार कार्ड चालत नाही. काहीच नसेल तर व्होटर ऑथॉरिटी सर्टिफिकेट फुकट मिळतं, मतदानाच्या आधीच्या सहाव्या कामाच्या दिवशी संध्याकाळी ५ पर्यंत अर्ज करून. पासपोर्टवर ‘कुलकर्णी’ हे आडनाव आणि यादीत लग्नानंतरचं ‘देशपांडे’ असा प्रकार मराठी घरांत फार. आधी यादीतलं नाव दुरुस्त करा, किंवा विवाहाचा दाखला सोबत न्या.

एप्रिल-मेमध्ये भारतात जाणार असाल तर टपाली मतपत्रिका तिकडे मागवू नका, परत पोचायला वेळ राहत नाही. तुमच्या वतीने मत देणारा प्रतिनिधी नेमा.

एकाच दिवशी दोन निवडणुका असतील तर दोन वेगळ्या मतपत्रिका हातात येतात आणि त्यांचे नियम वेगळे असतात. पॅरिशच्या पत्रिकेवर जितक्या जागा तितकी मतं देता येतात: ७ जागा, ७ फुल्या. कमी दिल्या तरी चालतं. ८ झाल्या की पूर्ण पत्रिका बाद. एका उमेदवाराला दोन फुल्या मारून दोन मतं होत नाहीत. लोकांना हे दारातच सांगा, फार जण एकच फुली मारून येतात आणि बाकीची मतं तशीच राहतात. उलट, जो तुम्हाला मनापासून पाठिंबा देतो त्याने एकच मत तुम्हाला देऊन बाकीची सोडली तर तुमचा फायदा होतो, हेही खरं आहे. मात्र ते सुचवायचं की नाही हे गावातलं वातावरण पाहून ठरवा; शेजारी राहायचं आहे.

पॅरिशची मोजणी वरच्या कौन्सिलची मोजणी झाल्यावर होते, बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी किंवा त्याहून पुढे. खेड्यात दोनचार मतांनी निकाल लागतो, फेरमोजणी मागण्याचा हक्क उमेदवाराला आहे. समान मतं पडली तर अधिकारी चिठ्ठी टाकून निकाल देतो.

निवडून आल्यावरचे पहिले दिवस

नवे सदस्य मतदानानंतरच्या चौथ्या दिवशी पदावर येतात आणि त्यानंतर १४ दिवसांच्या आत कौन्सिलची वार्षिक सभा होते. तिथलं पहिलं काम अध्यक्ष निवडणं. त्याआधी किंवा त्याच सभेत पद स्वीकारल्याच्या घोषणापत्रावर क्लार्कसमोर किंवा एखाद्या सदस्यासमोर सही करायची. सभेला येता येणार नसेल तर तसं आधी कळवा, म्हणजे कौन्सिल पुढच्या सभेत सही करायला परवानगी देऊ शकते. सही नाही आणि परवानगीही नाही, तर जागा रिकामी. निवडून येऊन सुट्टीसाठी पुण्याला गेलेल्या माणसाने विमानात बसण्याआधी क्लार्कला एक ओळ लिहिलेली बरी.

२८ दिवसांत हितसंबंधांची नोंद मॉनिटरिंग ऑफिसरकडे, म्हणजे सदस्यांच्या आचरणाचे नियम पाहणाऱ्या वरच्या कौन्सिलच्या अधिकाऱ्याकडे, द्यायची: नोकरी, जमीन, कंत्राटं, शेअर्स, आणि जोडीदाराचेही हेच सारे तपशील. जाणूनबुजून लपवणं हा गुन्हा आहे. पत्ता जाहीर झाल्याने त्रास होण्याची भीती असेल तर त्यासाठी वेगळी सोय आहे, ती अर्ज भरण्याआधीच त्याच अधिकाऱ्याला विचारा. ज्या शेताच्या बांधकाम परवान्यावर चर्चा आहे ते शेत तुमच्या घराला लागून असेल तर आधी सांगा आणि नियमांप्रमाणे बाहेर जा.

शेवटचं कलम भारतात लांब मुक्कामाला जाणाऱ्यांसाठी: कौन्सिलने आधी कारण मंजूर केलं नसेल आणि सलग ६ महिने एकाही सभेला हजेरी नसेल, तर सदस्यत्व आपोआप जातं. आईवडिलांच्या आजारपणासाठी जावं लागलं तरी हा नियम थांबत नाही. मंजुरी सहा महिने संपण्याआधी हवी, नंतर घेता येत नाही. क्लार्कला ईमेल करा, विषय पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यायला सांगा आणि ठराव झाल्याची खात्री करून घ्या.